कडी

माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात हातभर सुतळी असते. एकदा बॅग तपासताना एकाने बाहेर काढून विचारलं, ही कशाला? म्हटलं, सामान बांधायला. खरं सांगायला लाज नव्हती वाटत, पण मागे रांग होती.

दार बाहेर उघडणारं असेल तर सुतळी, आत उघडणारं असेल तर पाय. संडासाची कडी तुटलेली असली की आतल्या मुठीला एक टोक बांधायचं, दुसरं मनगटाला गुंडाळायचं आणि आटपायचं. सवयीने जमतं.

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मताना मुलगी ठरवलेला पुरुष. दाढी आली, आवाज फुटला, तेव्हापासून बायकांच्या टॉयलेटात जायचा प्रश्न मिटला. त्याआधीची दीड-दोन वर्षं वेगळीच गंमत होती. केस बारीक, आवाज जुनाच. इकडे गेलो तर "अहो, हे लेडीज आहे", तिकडे गेलो तर "मॅडम, पलीकडे". एकदा एकाच दिवसात दोन्ही ऐकलं आणि घरी येईपर्यंत साडेनऊ तास धरून ठेवली. त्या काळात मी सकाळी चहा सोडला होता. बाहेर पडायच्या दोन तास आधीपासून पाणीही नाही. डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या लिहून देताना विचारलं, पाणी कमी पिता का? हो म्हणालो. का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मला वाटायचं हे माझंच खूळ. मग अमेरिकेतल्या 2015 च्या ट्रान्स सर्वेक्षणाचे आकडे वाचले. साडेसत्तावीस हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली होती. त्यातल्या 59 टक्के लोकांनी वर्षभरात कधी ना कधी सार्वजनिक टॉयलेट टाळलं होतं, 32 टक्के लोकांनी त्यासाठी खाणंपिणं कमी केलं होतं आणि 8 टक्के लोकांना मूत्रमार्गाचा किंवा किडनीचा त्रास झाला होता. माझी गोळी त्या 8 मधली.

पुरुषांच्या बाजूला पहिल्यांदा गेलो तेव्हा छाती धडधडत होती. पण तिथे कुणी कुणाकडे बघतच नाही! मुतारीसमोर सगळ्यांची नजर भिंतीवर. भीती माणसांची होती, अडलं दारापाशी. सहा मुताऱ्या, दोन संडास. एकात झाडू-बादल्या भरून ठेवलेल्या, दुसऱ्याची कडी गायब. बहुतेकांचं काम बाहेरच भागतं, त्यामुळे ओरडणार कोण?

आणि डबा. पुरुषांच्या संडासात कचऱ्याचा डबा नसतो, हे कुणाला सुचतही नाही. हार्मोन सुरू झाल्यावर काही महिन्यांत माझी पाळी थांबली होती. मग एकदा इंजेक्शन लांबलं आणि ऑफिसातच सुरू झाली. पॅड बदललं, जुनं टॉयलेट पेपरात गुंडाळलं, टाकायचं कुठे? पँटच्या खिशात. तेवढ्यात मीटिंगला हाक आली. दीड तास उजवा हात खिशात घालून बसलो. शेजारचा म्हणाला, "आज काय रुबाब आहे बुवा!"

2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना मान्यता देताना त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयं बांधायला सांगितलं. 2017 साली स्वच्छ भारतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आलं की, त्यांना हवं ते, पुरुषांचं किंवा स्त्रियांचं, शौचालय वापरू द्यावं. मला दुसरं जास्त पटतं. तिसरं दार कुणाला हवं असेल तर जरूर असावं. पण मी त्यातून बाहेर पडलो की ऑफिसभर बातमी, आणि ती कधी सांगायची हे मला ठरवायचंय.

माझी एक मैत्रीण ट्रान्स स्त्री आहे. तिचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं. तिला बायकांच्या दारात अडवून ओळखपत्र मागितलं होतं. लघवीला ओळखपत्र! बायकांना तिथे भीती वाटते हे मी खोटं म्हणणार नाही. वीस-बावीस वर्षं मीही त्याच बाजूला जात होतो, मागे कोण येतंय ते बघत. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रान्स लोकांना मुभा देणाऱ्या आणि न देणाऱ्या गावांची तुलना 2018 साली छापून आली. मुभा दिल्यामुळे तिथल्या टॉयलेटांतले गुन्हे वाढल्याचं त्यात दिसलं नाही. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, दारातल्या त्या बाईला सांग.

ऑफिसातल्या कडीबद्दल मी तीनदा सांगितलं. "बघतो" म्हणाले. शेवटी एका शनिवारी कुणी नसताना स्क्रू ड्रायव्हर आणि नवी कडी घेऊन गेलो. जुन्या स्क्रूची भोकं मोठी झाली होती, त्यात काडेपेटीच्या काड्या ठोकून कडी बसवली. थोडी तिरकी बसली, पण लागते.

सोमवारी हिशेब विभागातले धिप्पाड काका तिथून हात पुसत आले. "कुणीतरी कडी लावली रे! दोन वर्षं पायाने दार धरून बसत होतो."

मी काहीच बोललो नाही. डब्याचं तेवढं त्यांच्याकडूनच सांगायला लावावं का, याचा विचार करतोय.