ग्रामसभेला कोण येते?

मी राज्यशास्त्र शिकवते आणि समाजमाध्यमांचा राजकीय सहभागावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करते, हे कळले की पणजीत असो वा डिचोलीत, एक प्रश्न ठरलेलाच असतो : फोनमुळे लोक खरोखर राजकारणात उतरतात, की घरी बसून नुसते लाइक करतात? तुम्हीही तोच विचारलात म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

लोक उतरतात. मात्र त्यांना घराबाहेर काढते ते बहुतेक वेळा ओळखीचे माणूस. फोन त्या माणसाचा निरोप तेवढा पोचवतो.

याचा मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा अमेरिकेतला आहे. २०१० मध्ये तेथील काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढांना सामावणारा एक प्रयोग झाला आणि रॉबर्ट बाँड, जेम्स फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले. बहुतेकांना मतदानाचे आवाहन, ‘मी मतदान केले’ असे बटण आणि ते दाबलेल्या मित्रांपैकी सहापर्यंत जणांचे चेहरे दिसले. सुमारे ६ लाख लोकांना तेच आवाहन चेहऱ्यांविना मिळाले. तेवढ्याच लोकांना काहीच मिळाले नाही. माणसे मतदान न करताही ‘केले’ म्हणतात, हे ठाऊक असल्यामुळे संशोधकांनी मतदानाच्या सरकारी नोंदीही ताडून पाहिल्या. तेव्हा नुसते आवाहन वाचलेले आणि काहीच न वाचलेले यांच्यात फरक आढळला नाही. चेहरे पाहिलेल्यांत मतदान ०.३९ टक्क्यांनी अधिक होते. हा आकडा किरकोळ वाटेल, पण एवढ्या मोठ्या समूहात त्याचा अर्थ थेट सुमारे ६० हजार मते, आणि त्या लोकांच्या जवळच्या मित्रांमार्फत आणखी २ लाख ८० हजार मते, असा संशोधकांनी मांडला. यादीत नावापुरत्या असलेल्या मित्रांचा मात्र मतदानावर मोजण्याजोगा परिणाम दिसला नाही. (एवढी ताकद एका कंपनीच्या हाती असावी, याने मी आजही अस्वस्थ होते.)

गोव्यात हे समजायला प्रयोगाची गरज पडू नये. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा संघप्रदेश राहावा, हे ठरवणाऱ्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने, या चिन्हांवरून त्या वेळी घराघरांत वाद झाले. मराठीतच ‘गोमन्तक’ एका बाजूने लिहीत होता आणि ‘राष्ट्रमत’ दुसऱ्या. ३४,०२१ मतांनी निकाल संघप्रदेशाच्या बाजूने लागला. त्या मतदारांपैकी कोणाच्याही खिशात फोन नव्हता. म्हणून आजच्या मोठ्या मतदानाचे श्रेय कोणी समाजमाध्यमांना दिले, की मी ते सहजासहजी मान्य करत नाही.

मग फोनने बदलले काय? सत्तरी तालुक्यातल्या एका ग्रामसभेचे सांगते. पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस पूर्वी जाता-येता दिसली तर दिसायची. आता तिचा फोटो त्याच संध्याकाळी वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटात येतो आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागते. रविवारी मी सभागृहाच्या दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते की आपण कसे आलात. एक वयस्क बाई चपला काढता काढता म्हणाल्या, “मेसेज बघितला होता, पण येणार नव्हते. शेजारीण दारात येऊन म्हणाली, वांगडा वचूंया.” म्हणजे, बरोबर जाऊ या. त्या शेजारणीला सभेची तारीख फोनवरूनच कळली होती. माझ्या अभ्यासाचा गाभा त्या दोघींमधल्या अंगणाएवढ्या अंतरात आहे.

सत्तरीतल्याच शेळ-मेळावली गावाच्या आंदोलनातही मला हेच दिसते. गावात होऊ घातलेल्या आयआयटीच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या तिथल्या बायकांचे व्हिडिओ राज्यभर पोचले, त्यामुळे दूरच्यांचे लक्ष आणि पाठिंबा मिळाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने प्रकल्प तेथून हलवण्याचे जाहीर केले. व्हिडिओचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण रस्त्यावर ठाण मांडून बसण्याचे बळ एकमेकींना जन्मभर ओळखणाऱ्या बायकांच्या संगतीतून आले होते.

मला काळजी आहे ती ज्यांना कोणी हाक मारत नाही त्यांची. त्याच गावात भाड्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षे राहणारी, मतदार यादीत नाव असलेली कुटुंबे आहेत. वाड्याच्या गटात त्यांचा नंबर नाही, कारण गट झाला तेव्हा कोणाला ते आठवले नाहीत. फळ्यावरची नोटीस निदान त्यांच्याही वाटेवर होती. आता सगळ्यांना फोनवर कळतेच, असे गृहीत धरून तो फळाही रिकामा राहू लागला आहे. त्या रविवारी सभागृहाच्या दारातून त्यांच्यापैकी एकही जण आत आला नाही, आणि पुढच्या वेळी मी दाराशी उभी न राहता त्यांच्या खोल्यांकडे जाणार आहे.