आमची वाटचाल : अकरा गाड्यांची गोष्ट

सस्पेन्शनच्या, म्हणजे गाडीला बसणारे धक्के झेलणाऱ्या भागांच्या, कामाला यंदा 23 वर्षं झाली. पहिली काही वर्षं उधारीची, मधली बरी. त्यांत सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते अकरा गाड्यांचं.

एका टॅक्सीवाल्यांच्या अकराही गाड्या आमच्याकडे असत. त्यांतली एक पुढून डावीकडे टकटक करत आली. बोनेटचा कोपरा दाबून सोडला, गाडी एकदा वर येऊन जागच्या जागी थांबली. शॉकअप, म्हणजे गाडीची उसळी थांबवणारे दांडे, ठीक असावेत, हे तिथेच डोक्यात यायला हवं होतं. पण शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलसर थर दिसला आणि मी भुललो. ओलावा वेगळा, गळती वेगळी, हे मी पोरांना दहादा सांगितलेलं. दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. मग शॉकअपचं वरचं माउंटिंग, मग चाकाला खालून धरणारा लोअर आर्म. चौथ्या वेळी मालक आलेच नाहीत, चावी न्यायला ड्रायव्हर आला.

गाडी गेली ती आमच्याच हाताखाली सहा वर्षं शिकून बाहेर पडलेल्या गड्याकडे. त्याने लिंक रॉड नावाची छोटी दांडी बदलली, टकटक थांबली. तासाभराचंही काम नाही. वर सांगत सुटला, "उस्तादांनी शॉकअप विकले, आवाज तेवढा फुकट परत दिला." महिन्याभरात अकराच्या अकरा गाड्या तिकडे. आमची दोन पोरं घरी बसली, मोठा जॅक विकायला काढला. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून तो राहिला.

लिंक मी तपासलाच नव्हता असं कोणी समजू नये. तपासला होता, पण एकच चाक उचलून. एक चाक लोंबतं आणि दुसरं जमिनीवर असलं की अँटी-रोल बारला, म्हणजे लिंकने दोन्ही बाजूंच्या चाकांशी जोडलेल्या आडव्या दांड्याला, पीळ बसतो, लिंकचा गोळा एका बाजूला दाबून धरला जातो आणि त्याचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागतच नाही. दोन्ही चाकं सारखी उचला, नाहीतर गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी करून खालून लिंक हलवा, लगेच खुळखुळतो.

हे त्या गड्याला शिकवलं कोणी? आमच्या मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे माझे पहिले भागीदार, अर्धं आयुष्य ट्रकच्या कमानपाट्यांखाली गेलेले. शिकवत होते तेव्हा मी काउंटरवर बिलं फाडत होतो. त्यांचा हातभर लांब पेचकस अजून भिंतीवर आहे. टोक बॉल जॉइंटवर, म्हणजे गोळ्याच्या सांध्यावर, लाकडी मूठ कानाला, आणि वर कोणीतरी हळूहळू स्टिअरिंग फिरवणार. कान टेकून टेकून मुठीची एक बाजू गुळगुळीत झालीय. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, आता स्टेथोस्कोप मिळतो." तर म्हणाले, "मिळू दे. तू आधी गाडी चालवून ये, मग उचल."

चालवायची म्हणजे कशी, तेही सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. आधी डिकी रिकामी करा. सुटा जॅक आणि पान्ह्यांनी बऱ्याच गाड्यांना उगाच आजारी पाडलंय. मग गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढवा, आणि तोच गतिरोधक तिरका घ्या. सरळ घेताना गप्प आणि तिरका घेताना टकटक, तर आधी लिंक आणि बारचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बघा. दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार नुसता फिरतो, लिंकवर जोर येत नाही. ब्रेक मारताना धप्प झालं तर लोअर आर्मचा बुश. आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवताच खडखड थांबली तर सस्पेन्शन सोडा, ब्रेकच्या कॅलिपरची पिन बघा.

त्या वाईट वर्षात एक शाळेतल्या बाई मात्र येत राहिल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर वही असते. एकदा त्यात लिहिलेलं होतं : "मागून करकर. हळू चालवताना जास्त. पावसात नाही." पोरं हसली. मी बुशांवर पाण्याचा फवारा मारला, करकर बंद. कोरडा पडलेला रबरी बुश. बाईंना बाकावरून उठावंही लागलं नाही.

गड्याने पुढे मोठी लिफ्ट घेतली, त्याचं कौतुक आहेच. पण गाडी लिफ्टवर लोंबत असतानाच तो बुशचे बोल्ट पक्के आवळतो. मग गाडी खाली टेकली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर आल्यावर द्यायचा. हेही मिस्त्रींनीच शिकवलं होतं, ते मात्र तो विसरला.

अकरांपैकी चार गाड्या परत आल्यात. उरलेल्या सात दुकानासमोरून जातात. परवा त्यांतली एक गतिरोधकावर हळू झाली, मी आत बसूनच पोराला म्हटलं, उजवीकडचा बुश गेलाय.