एकोणीस सह्या, तीन किल्ल्या

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी आंजर्ल्यात घरीच होते. दुपारनंतर वाडीत नजर टाकली तर निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या. माडांचे शेंडे गेलेले, पडवीवरची कौलं शेजाऱ्यांच्या खळ्यात. आमच्या वाडीत वीज यायला चोवीस दिवस लागले.

त्या चोवीस दिवसांत एका वाचनालयाची पुस्तकसूची शोध देईनाशी झाली होती, आणि चूक माझ्या कोडमधली होती. पुण्यातल्या एका मुलाने दुसऱ्याच दिवशी दोन ओळींची दुरुस्ती लिहून पाठवलेली. पण ती मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळायचा, आणि नवी आवृत्ती एनपीएमवर, जिथून बाकीचे प्रोग्रामर तयार कोड उतरवून घेतात तिथे, चढवायचा अधिकार फक्त माझ्याकडे, आणि मी पोफळीचे ओंडके ओढत होते. जुलैत मेल उघडली तेव्हा त्याचे सहा निरोप वाचले. शेवटच्यात फक्त ‘ताई, तुम्ही सुखरूप आहात ना?’ एवढंच होतं.

माझा हा कोड म्हणजे एक छोटी लायब्ररी: वाचनालय नव्हे, इतरांना आपल्या प्रोग्रामात वापरता येणारा तयार कोड. मराठीत एकच शब्द दोन-तीन प्रकारे टंकला जातो, त्या सगळ्यांना शोधात आणि क्रमवारीत एक मानायचं, हे तिचं काम. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, २००८ साली आलं. त्याआधीचे आणि अजूनही बरेच लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण संगणकाला वेगळी. युनिकोडचं स्वतःचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. त्यामुळे ‘ॲड.’ शोधलं की निम्मे वकील सापडतच नाहीत.

तर त्या जुलैत ठरवलं, हे एकटीचं ठेवायचं नाही. पुण्याचा मुलगा, नागपूरची एक मैत्रीण, सावंतवाडीचे एक निवृत्त ग्रंथपाल आणि मी, असे चौघं झालो. नियमांचा पहिला मसुदा मी लिहिला: प्रत्येक बदलाला चौघांची संमती हवी. न्याय्य वाटत होतं मला ते. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “म्हणजे सामायिक सातबारा केलास.”

कोकणातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. वादळानंतर भरपाईसाठी सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा करायची होती. कुणीही नाही म्हणालं नाही. दोन चुलत काका मुंबईला, एक आत्या बडोद्याला, एका भावाचा फोनच लागेना. नुसत्या न मिळालेल्या उत्तरांवर पुढचा पावसाळा आला. बाबा त्या दिवसांत रोज संध्याकाळी वही घेऊन फोन लावत बसायचे, ते मी पाहिलंय. त्यामुळे गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा, हे आधी लिहून ठेवायला हवं, हे मला तेव्हा पटलं.

अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत याला लेझी कन्सेन्सस म्हणतात: प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरायची. हरकत मात्र तांत्रिक कारणासकट हवी, नुसतं ‘मला नको’ चालत नाही. आम्ही ७२ तासांचे सात दिवस केले. पावसात इकडे वीज जाते, आणि गणपतीत कुणी कोड वाचत नाही. गणपतीचे दिवस मोजायचेच नाहीत, हे कलम सावंतवाडीच्या काकांनी घातलं. मला ते फार योग्य वाटतं.

किल्ल्यांवर, म्हणजे नवी आवृत्ती प्रकाशित करायचा अधिकार कुणाकडे यावर, आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली, आणि ते कलम २०२४ मध्ये पुन्हा लिहावं लागलं. त्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला म्हणून सापडला. ते एकट्याने सांभाळणाऱ्या थकलेल्या मेन्टेनरवर कुणीकुणी घाईचा दबाव आणत राहिले, आणि ‘जिया तान’ नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला. ते वाचताना मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण आमचा नियम होता, ‘सहा महिने काम केलं की किल्ली’. दोन वर्षं थांबणाऱ्यापुढे सहा महिने काय टिकणार? शिवाय तिथे घातक तुकडा रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात, उघड दिसतच नव्हता. तो चालू करणारी फाइल फक्त प्रकाशित गठ्ठ्यात होती. म्हणून आता आमची आवृत्ती कुणाच्याही लॅपटॉपवरून निघत नाही. टॅग, म्हणजे ‘ही नवी आवृत्ती’ अशी खूण, लागला की सर्व्हरच ती बांधतो, आणि टॅगला दोघांची मान्यता लागते. किल्ल्या तिघांकडे, तिघं तीन वेगळ्या जिल्ह्यांत.

वर्षभर कुणी दिसलं नाही तर किल्ली परत घ्यायची, यादीतलं नाव मात्र तसंच ठेवायचं. नागपूरच्या मैत्रिणीला मूल झालं तेव्हा हे कलम पहिल्यांदा लागू झालं. तिला आधी फोन केला, मग अधिकार काढले. ती रडली नाही, मीच थोडी रडले. परवा तिने पुन्हा एक इश्यू, म्हणजे त्रुटीची किंवा सूचनेची नोंद, उघडला.

गेल्या गुरुवारी मी स्वतः एक बदल मांडला: शोधाआधी सगळी अदृश्य जोडचिन्हं, म्हणजे अक्षरं कशी जोडून दिसावीत एवढंच संगणकाला सांगणारी चिन्हं, काढून टाकायची. कोड सुटसुटीत होत होता. पाच दिवस शांतता. सहाव्या दिवशी सावंतवाडीहून हरकत आली, कारणासकट. ‘दऱ्या’ हा शब्द काही कळफलक साधा र आणि ते अदृश्य चिन्ह वापरून लिहितात. चिन्ह काढलं की उरतो ‘दर्या’. काकांनी खाली लिहिलं होतं, “तुमच्या बदलाने सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतोय.” सोबत चाचणीसाठी अकरा शब्दांची यादी, त्यात ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ही.

त्यांचं बरोबर आहे. आधी तो र ‘ऱ’मध्ये बदलून मगच चिन्ह काढायला हवं. बदल मागे घेतलाय, यादी चाचण्यांत टाकलीय. नवा प्रस्ताव आज रात्री, पुन्हा सात दिवसांसाठी.