गाडीत २००० वॉटचे सबवूफर बसवताना

गाडीत १२ इंची दोन सबवूफर (अगदी खालचे सूर, म्हणजे बेस, वाजवणारे मोठे स्पीकर) आणि त्यांच्यासाठी २००० वॉटचा ॲम्प्लिफायर बसवायचा, हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. वेळ गेला तो त्यानंतरच्या कामांत, आणि त्यांतले स्पीकरशी थेट संबंध असलेले काम अगदीच थोडे निघाले; बाकी सगळे विजेचे, लाकडाचे आणि पत्र्याचे होते. ज्यांना असे काही करायचे असते ते बहुधा आधी सबवूफर घेतात आणि मग बाकीच्या गोष्टींचा विचार करतात, म्हणून मी ज्या क्रमाने गेलो तो क्रम येथे तपशिलाने मांडत आहे.

सुरुवात आकड्यांपासून केली. सबवूफरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असतो आणि त्यामागे काही ठोस मोजमाप असेलच याची खात्री नसते, म्हणून मी फक्त आरएमएसचा, म्हणजे सलग चालणाऱ्या शक्तीचा, आकडा विचारात घेतला. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत शक्ती मोजण्याचे सीईए-२००६ हे मानक उपयोगी पडते, कारण त्यातील मुख्य आकडा १४.४ व्होल्टला, ४ ओहमच्या भारावर (म्हणजे तेवढा रोध असलेल्या स्पीकरवर) आणि आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मोजलेला असतो. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे निदान शेजारी ठेवून पाहता येतात. हे मानक न पाळणाऱ्या ॲम्प्लिफायरचा अंदाज घेण्यासाठी मी त्यावरील फ्यूजची बेरीज पाहत असे. ज्याला ३० अँपिअरचे दोनच फ्यूज आहेत, तो १४ व्होल्टला सलग फार तर ८४० वॉट आत घेईल. मग तो बाहेर ३००० वॉट कुठून देणार?

हेच गणित स्वतःच्या गाडीला लावले तेव्हा कामाचा खरा आवाका लक्षात आला. बाहेर २००० वॉट हवे असतील आणि क्लास डी प्रकारच्या (वीज कमी वाया घालवणाऱ्या) ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर आत २५०० वॉट द्यावे लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे १८० अँपिअर. माझ्या गाडीचा मूळचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे जनित्र) ९० अँपिअरचा होता आणि त्यावर इंजिन, दिवे, पंखे आणि एसीचा भार आधीच होता. संगीत म्हणजे काही सलग वाजणारा एकच सूर नसल्यामुळे सरासरी मागणी या आकड्याच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते. तरीही प्रत्येक ठोक्याला बॅटरीतून वीज उपसायची आणि मग अल्टरनेटरने ती भरत बसायचे, हा व्यवहार फार काळ चालणारा नव्हता. म्हणून त्याच बैठकीवर बसणारा २२० अँपिअरचा अल्टरनेटर घेतला आणि डिकीत ॲम्प्लिफायरच्या जवळ दुसरी, एजीएम प्रकारची (सीलबंद), बॅटरी बसवली. अल्टरनेटर निवडताना कमाल आकड्यापेक्षा आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसते चालू असताना, तो किती अँपिअर देतो हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटले, कारण गाडी उभी असतानाच मोठ्याने वाजवण्याचा मोह अधिक होतो आणि नेमके तेव्हाच अल्टरनेटर सर्वांत कमी वीज देत असतो.

या टप्प्यावर अनेकांनी मला कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग) लावण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही. १ फॅरडच्या कपॅसिटरमधून व्होल्टेज १४ वरून १२ पर्यंत उतरेपर्यंत केवळ २६ जूल ऊर्जा मिळते, आणि २५०० वॉट ओढणारे यंत्र ती सेकंदाच्या शंभराव्या भागात संपवते. निळे आकडे दाखवणारी ती चकचकीत नळकांडी डिकीत दिसायला छान दिसते, हे मात्र मान्य करायला हवे.

तारांचे काम मी स्वतः केले. बॅटरीपासून डिकीपर्यंत सुमारे ५ मीटर अंतर होते. ५० चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या केबलमध्ये १८० अँपिअरला एवढ्या लांबीवर जेमतेम ०.३ व्होल्टची घट होते; हीच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर रोध सुमारे दीडपट होतो आणि घटही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही केबल बाहेरून सारख्याच जाड दिसतात, म्हणून मी विकत घेण्यापूर्वी टोक सोलून एक तार पात्याने खरवडून पाहिली. आतून पांढुरकी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. त्याच वेळी बॉनेटखालच्या तीन जोडण्याही जाड केल्या: अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची, बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीपर्यंतची (गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंतची) आणि इंजिनपासून चासीपर्यंतची. अर्थिंग (चासीला ऋण जोडणी) घेण्याच्या जागेवरचा रंग घासून उघडा पत्रा दिसेपर्यंत साफ केला आणि जोडणी आवळल्यावर गंज धरू नये म्हणून वरून पुन्हा रंग दिला. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला. हा फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो असा समज बराच पसरलेला आहे; प्रत्यक्षात तो केबलसाठी असतो, कारण गालिच्याखालून जाणारी ही केबल कुठे घासून चासीला टेकली तर तिला आग लागण्यापासून थांबवणारे दुसरे काहीही वाटेत नसते.

सबवूफर घेताना ४ ओहमच्या दोन कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची वेटोळी) असलेले घेतले. प्रत्येकाच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात आणि असे दोन सबवूफर पुन्हा समांतर जोडले की १ ओहम होतो, ज्या भारावर माझा ॲम्प्लिफायर २००० वॉट देतो. २ ओहमच्या दुहेरी कॉइलचे दोन सबवूफर घेतले असते, तर ०.५, २ किंवा ८ ओहम एवढेच पर्याय उरले असते. त्यामुळे ही जुळणी आधी कागदावर मांडून पाहणे आवश्यक होते.

त्यानंतर सबवूफर बसवायचा लाकडी बॉक्स. संपूर्ण कामातला हा भाग मला सर्वांत अधिक आवडला. बंद बॉक्स बनवायला सोपा असतो आणि त्याचा आवाज आटोपशीर असतो, पण मला खालच्या सुरांतला जोर हवा होता, म्हणून पोर्टचा, म्हणजे हवा आतबाहेर जाण्यासाठी बोगदा ठेवलेला, बॉक्स निवडला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी आपल्या ठरावीक सुरात घुमते, तसाच हा बॉक्स पोर्टमधल्या हवेच्या वजनावर आणि आतल्या हवेच्या लवचिकपणावर एका ठरावीक कंप्रतेला (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला, जी हर्ट्झमध्ये मोजतात) घुमतो. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये या विषयावर मूलभूत निबंध प्रसिद्ध केला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते काम पुढे नेले. आज प्रत्येक सबवूफरच्या माहितीपत्रकात अनुनाद कंप्रता, समतुल्य हवेचे आकारमान आणि क्यू (कंपन किती लवकर शमते याचे माप) हे जे आकडे दिलेले असतात ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. त्या आकड्यांवरून मी निव्वळ ११३ लिटर आकारमान आणि ३४ हर्ट्झचे ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स घुमण्याची कंप्रता, ठरवले. पोर्टचे तोंड ९ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच ठेवले, तेव्हा त्याची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर आली, आणि ती डिकीत सरळ मावेना म्हणून पोर्ट काटकोनात वळवला. त्यातून पुढे असे झाले की पोर्टमधल्या हवेचे २५ लिटर, त्याच्या भिंतीचे ५, सबवूफरच्या मागच्या भागाचे ८ आणि आतल्या आडव्या आधारांचे ४ लिटर मिळवल्यावर ११३ लिटरच्या बॉक्सची आतली एकूण जागा १५५ लिटर भरली. डिकीत सामान ठेवण्याचा विचार तेव्हाच सोडून दिला.

लाकूड १८ मिलिमीटरचे बर्च प्लाय वापरले, समोरची फळी दुहेरी केली आणि प्रत्येक सांध्याला गोंद लावून क्लॅम्पने दाबून ठेवले. पोर्टच्या दोन्ही तोंडांच्या कडा गोल केल्या, कारण धारदार कडेवरून वेगाने जाणारी हवा फसफसते आणि तो आवाज बेसमध्ये मिसळून ऐकू येतो. बॉक्स तयार झाल्यावर ट्यूनिंग खरोखर किती आले हे तपासणे सोपे होते: मालिकेत रोधक जोडून कमी आवाजात वेगवेगळ्या कंप्रता वाजवायच्या आणि प्रत्येक वेळी इम्पीडन्स (त्या कंप्रतेला विजेला होणारा विरोध) मोजायचा. पोर्टच्या बॉक्समध्ये इम्पीडन्सची दोन शिखरे दिसतात आणि त्यांच्या मधली दरी म्हणजे ट्यूनिंग. माझी दरी ३३ हर्ट्झला आली. त्या कंप्रतेवर आवाज वाढवला की सबवूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ स्थिर दिसतो, आणि त्याच वेळी पोर्टच्या तोंडाशी धरलेली कागदाची पट्टी मात्र फडफडत राहते. आवाजाचा बहुतेक भार तेव्हा पोर्टमधली हवाच उचलत असते. ट्यूनिंगच्या खाली गेले की चित्र उलटते आणि कोनला हवेचा आधार उरत नाही, म्हणून फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर २७ हर्ट्झवर लावला. वरचे सूर अडवणारा लो पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवला.

ॲम्प्लिफायरवरची गेनची कळ (आत येणारा संकेत किती वाढवायचा हे ठरवणारी) म्हणजे आवाजाची कळ नव्हे, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. स्पीकरच्या तारा काढून, ४० हर्ट्झचा शुद्ध सूर वाजवून, हेड युनिटचा (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचा) आवाज विकृती सुरू होण्याच्या अलीकडे ठेवला आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांशी मल्टिमीटर धरून गेन हळूहळू वाढवला. १ ओहमवर २००० वॉट म्हणजे २००० चे वर्गमूळ, सुमारे ४४.७ व्होल्ट, तिथेच थांबलो. त्यानंतर स्पीकर जोडून व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरने विद्युतप्रवाह एकाच वेळी मोजला, तेव्हा ४० व्होल्टला जेमतेम २० अँपिअर दिसले. नाममात्र १ ओहमचा भार या बॉक्समध्ये, त्या कंप्रतेला, २ ओहम झाला होता आणि २००० वॉटचा ॲम्प्लिफायर प्रत्यक्षात ८०० च्या आसपास देत होता. हे प्रत्येक पोर्टच्या बॉक्समध्ये कमीअधिक प्रमाणात घडते. कॉइल तापली की तांब्याचा रोध आणखी वाढतो. कागदावरचा मोठा आकडा गाठण्यासाठी भार आणखी कमी ओहमचा करण्याचा मार्ग असतो, पण मी तो घेतला नाही, कारण कंप्रता बदलताच इम्पीडन्स पुन्हा १ ओहमजवळ येतो आणि त्या क्षणी ॲम्प्लिफायरवर खरा ताण पडतो.

पहिल्यांदा पूर्ण जोराने वाजवले तेव्हा बेसपेक्षा नंबर प्लेटचा आवाज अधिक आला. डिकीचे झाकण, छताचा पत्रा, मागची काच, सीट बेल्टची बकले, सगळेच थरथरत होते. २५ ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवून आणि प्रत्येक भागावर तळहात दाबून कोणता भाग कोणत्या कंप्रतेला बोलतो हे टिपून काढले. ही थरथर दाबण्यासाठी ब्यूटाइलचे (वरून फॉइल लावलेल्या चिकट रबराचे) पत्रे चिकटवताना रोलर इतका दाबावा लागतो की वरच्या फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. ती उठून दिसत असेल तर पत्रा नीट बसलेला नसतो. प्लॅस्टिकच्या दोन भागांमध्ये मात्र ब्यूटाइलचा उपयोग होत नाही, तिथे फोमच लागतो. छताला लावलेल्या थराचा फायदा मला सर्वांत जास्त जाणवला, आणि तो मी अपेक्षिला नव्हता.

शेवटी आवाजाची पातळी मोजली. मोबाइलचा मायक्रोफोन एवढ्या दाबाला फार आधीच हात टेकतो, आणि ए-वेटिंग (माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी मोजण्याची पद्धत) लावलेला मीटर ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल कमी दाखवतो, म्हणून स्पर्धांमध्ये वापरतात तसा सेन्सर एका परिचिताकडून आणून पुढच्या काचेवर लावला. काचा बंद करून, मी स्वतः बाहेर उभा राहून, १४२ डेसिबल नोंदले गेले. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटरहून अधिक, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेपेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे आत लाट फिरत नाही, सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो आणि बंद गाडीत बेस आपोआप वाढतो. डीबी ड्रॅग रेसिंगसारख्या, गाडीतल्या आवाजाच्या पातळीच्या, स्पर्धांतल्या गाड्या १८० डेसिबलच्या आसपास जातात. त्यांतला दाब माझ्या गाडीतल्या दाबाच्या सुमारे ८० पट असतो, आणि म्हणूनच त्यांची दारे काँक्रीटने भरलेली आणि काचा आधार देऊन आवळलेल्या असतात. त्या गाड्या ऐकण्यासाठी नसतातच. माझी गाडी ऐकण्यासाठी आहे, म्हणून बेसचा नॉब नेहमी निम्म्याच्या खाली असतो आणि चाचणी करायची असेल तेव्हा कानांवर मफ चढवल्याशिवाय मी दार उघडत नाही.

डॅशबोर्डवर एक छोटा व्होल्टमीटर लावला आहे. जोरदार बेसला आकडा १३.१ च्या खाली उतरला की आवाज कमी करतो, आणि इंजिन बंद असताना फक्त पुढचे स्पीकर वाजवतो. दर काही महिन्यांनी बॅटरीचे लग (तारेच्या टोकाचे जोड), फ्यूजचे स्क्रू आणि बॉक्सवरचे बोल्ट पुन्हा आवळतो, कारण एवढ्या थरथरीत ते सैल होतातच. त्याआधी गाडी थोडा वेळ मोठ्याने वाजवून इंजिन बंद करतो आणि प्रत्येक जोडाच्या रबरी टोपीवर बोट ठेवून पाहतो. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल, तोच आधी उघडतो.