फळ्यांखालचं मध्ययुग

रंगारी येणार म्हणून दुपारी कपाट सरकवलं. मागे कानातल्याची फिरकी, पेनाचं टोपण आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. काम टाकून तिथेच फतकल मारून बसले. मला खजिन्यांचं फारसं काही वाटत नाही. हरवलेल्या वस्तूंचं मात्र वेड आहे.

म्हणून तर मला जर्मनीतला व्हीनहाउझनचा मठ आवडतो. त्सेले गावाजवळचा, तेराव्या शतकातला, नन्सचा. १९५३ साली त्यांच्या प्रार्थनेच्या दालनातल्या जमिनीच्या फळ्या उचकटल्या, तर खाली शेकडो वर्षांचं सांडलेलं सामान! सुया, कात्र्या, मेणाच्या पाट्या, देवादिकांची इवलीशी चित्रं. आणि चष्मे. लाकडी चौकटीतली दोन भिंगं मधे खिळ्याने जोडलेली. काड्या नाहीतच, नुसतं नाकावर चिमटायचं. जगात टिकलेल्या सर्वांत जुन्या चष्म्यांपैकी आहेत म्हणे. मान खाली घालून पोथी वाचायची आणि नाकावर हे. पडणार नाही तर काय!

आमच्या आजोळी माडीला फळ्या होत्या. दुपारी सगळे लवंडले की फटीतून खाली चिंचोके सोडायचे, नेमके आजोबांच्या टकलावर. खालून गर्जना आली की वरचे सगळे गाढ झोपेत. एकदा मावशीची अंगठी गेली फटीत. मग फळी काढावी लागली आणि चिंचोक्यांचा हिशेब निघाला तो निघालाच.

या नन्सही काही कमी नव्हत्या. संसार सोडलेल्या बायका, पण १३०० च्या सुमारास लोकरीने भरतकाम केलं ते कशाचं, तर ट्रिस्टन आणि इसोल्डचं! दुसऱ्याच्या बायकोवरच्या प्रेमाची ती गोष्ट टाक्याटाक्याने भरताना आपसात काय कुजबुजल्या असतील? पुढे सोळाव्या शतकात ड्यूक अर्न्स्टने लूथरचा पंथ आणला, तेव्हा याच बायकांनी वर्षानुवर्षं दाद दिली नाही. शेवटी मठ प्रॉटेस्टंट झालाच, पण बंद नाही पडला. आजही तिथे बायकाच राहतात.

ड्यूकचं नाव मी उद्या विसरेन. पण जिचा चष्मा ऐन प्रार्थनेत फटीत गेला, तिने पुढचं स्तोत्र कसं म्हटलं असेल? पाठच असणार म्हणा. रोजचंच ते.