बाबांच्या पत्रातला डोंगर शोधत द्रासला

बाबांच्या पत्रांवर गावाचं नाव कधीच नसायचं. नंबर, हुद्दा, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ', एवढंच. मी तेव्हा पाच वर्षांची. एपीओ नावाचं एक गाव आहे आणि बाबा तिथे राहतात, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. सैन्याचं टपाल त्या एका क्रमांकावर जातं आणि तिथून युनिटला पोचतं, हे खूप पुढे कळलं.

शेवटचं पत्र जून १९९९ मधलं. तार आधी आली, पत्र नंतर. मागच्या बाजूला त्यांनी माझ्यासाठी पेन्सिलीने डोंगर काढला होता: डावीकडे बुटका खांदा, मधे करवतीसारखे तीन दाते, उजवीकडे एकदम तुटलेला कडा आणि शिखरावर एक झाड. खाली लिहिलं होतं, 'चिमणे, मला इथून हा दिसतो.'

बाबा तोफखान्यात होते. कारगिलच्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे आणि रॉकेट डागले. वर चढून गेलेल्या पायदळाच्या कहाण्या घराघरांत माहीत आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण खाली तोफेपाशी उभं राहणाऱ्यांवरही समोरून गोळे येत होते. २०२२ मध्ये लडाखमधल्या द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला 'गन हिल' नाव दिलं, ती बातमी आईने कापून त्याच पत्रासोबत ठेवली. आई बाबांबद्दल फारशी बोलत नाही. कात्रण पाहिलं आणि हिला तिथे न्यायचंच, असं मी ठरवलं.

आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलो. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेची गर्दी सोनमर्ग-बालटालच्या रस्त्यावर असते, गाड्या तासन्‌तास अडतात. २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाला द्रासमध्ये मोठा कार्यक्रम असतो. त्यासाठी जायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात बरंच आधी विचारा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे. आम्हाला मात्र शांतपणे जायचं होतं.

श्रीनगर ते द्रास अंतर साधारण १४० किलोमीटर, पण मधे जोजिला आहे. घाट साडेतीन हजार मीटरवर, रस्ता अरुंद, दरड कोसळली की बंद. आदल्या संध्याकाळी रस्त्याची चौकशी करा, पहाटे निघा, परतीसाठी एक दिवस हातात ठेवा. आईला रक्तदाब आहे. डॉक्टरांना विचारून आम्ही श्रीनगर आणि सोनमर्गला एकेक मुक्काम केला. वयस्कर माणसाला घेऊन विमानाने थेट लेहला उतरून तिथून इकडे येऊ नका, शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालेल असं धरून चालू नका, एक तरी पोस्टपेड नंबर जवळ असू द्या. ओळखपत्रं मूळ न्या.

कारगिल युद्ध स्मारक द्रास गावाच्या पुढे, कारगिलच्या बाजूला, तोलोलिंग डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. वडिलांचा सैन्यातला नंबर आणि युनिट कागदावर लिहून न्या. मी ते जवळ ठेवलं होतं, तरी शहीदांच्या नावांच्या भिंतीसमोर उभी राहिल्यावर अक्षरं दिसेनाशी झाली. पहाऱ्यावरच्या जवानाने कागद घेतला, आईला हाताला धरून नेलं आणि नावाखाली बोट ठेवलं. आईने पदराचं टोक ओलं करून ते एकच नाव पुसलं, घरातला फोटो पुसते तसं. मग बराच वेळ तळहात तिथेच ठेवून उभी राहिली.

तिथे मी पत्र काढलं आणि चूक केली. द्रासला दुपारी वारा सुटतो. कागद हातातून निसटलाच होता, जवानाने बुटाखाली दाबला म्हणून वाचला. तुमच्याकडे असं काही असेल तर प्रवासाला स्कॅन करून त्याची प्रत न्या. मूळ न्यायचंच असेल तर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे ठेवून न्या आणि आडोशाला उघडा. घड्यांवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. केलेलं पुन्हा निघत नाही.

चित्रातला डोंगर तिथून काही जुळेना. मी चारी बाजूंना फिरून पाहिलं. जवानाने कागद आडवा धरून निरखला आणि म्हणाला, "दीदी, ये भीमबेट की तरफ़ से देखो."

भीमबेट द्रासच्या अलीकडे, श्रीनगरच्या रस्त्यावर. तिथे भीमाच्या नावाने मानला जाणारा एक मोठा दगड आहे. सकाळी आम्ही तो ओलांडून आलो होतो, खिडकीच्या काचा वर करून. आता परत मागे गेलो. ड्रायव्हरदादांनी दोनदा गाडी थांबवली. तिसऱ्यांदा मी उतरले आणि पत्र डोळ्यांसमोर धरलं. बुटका खांदा, तीन दाते, तुटलेला कडा. पेन्सिलीची रेघ आणि आभाळाची कड एकावर एक बसली.

ज्यांच्या घरच्यांना ही उंची झेपणार नाही, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात जावं. तिथे त्यागचक्राच्या भिंतींवर १९४७ नंतरच्या शहीदांची नावं आहेत, आणि संध्याकाळी हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. पण पाय चालत असतील तोवर जमिनीवर जा. मला बाबांचा आवाज आठवत नाही. ते कुठे बघत होते, हे आता माहीत आहे.

आईला पत्र दाखवत मी म्हटलं, "सगळं जुळतंय, फक्त झाड नाही. तिथे झाड असणंच शक्य नाही."

तिने डोंगराकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"तू झाडाशिवाय डोंगर चालवूनच घ्यायची नाहीस," ती म्हणाली. "रडून घर डोक्यावर घ्यायचीस. सुट्टीवर आले की रात्री बसून तुझ्या वहीतल्या सगळ्या डोंगरांवर झाडं काढायचे ते."