कॅसेटी पाठवल्या कुणी?

मी प्रोजेक्शनवाला. आधी सिंगल स्क्रीनमध्ये ३५ एमएमची रिळं चढवायचो. ती थिएटरं बंद पडत गेली तसा फिल्म सोसायट्यांचे, कॉलेजांचे शो लावायला लागलो. या धंद्यात पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे जास्त लक्ष असतं. खुर्च्या कधी करकरतात, मोबाइलचे उजेड कुठल्या सीनला दिसायला लागतात, यावरून पिक्चर चाललाय की पडलाय हे केबिनमधूनच कळतं. कोल्हापुरातल्या एका सोसायटीसाठी ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा ‘काशे’ लावला, त्या रविवारी मात्र हा अंदाज पार चुकत गेला.

कार्यक्रमपत्रिकेवर ‘सायकॉलॉजिकल थ्रिलर’ असं छापलं होतं, त्यामुळे एरवी न फिरकणारी मंडळीही आली होती. २००५ सालचा चित्रपट, कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक, त्याच वर्षी युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, असं सगळं सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. ऑस्ट्रियाने तो ऑस्करला पाठवायचा म्हटलं तर भाषा ऑस्ट्रियाची नाही, फ्रेंच आहे म्हणून अडला, यावर थोडी खसखसही पिकली. मग दिवे गेले.

पहिला शॉट पॅरिसमधल्या एका गल्लीचा. समोर एक घर, दारात उभ्या गाड्या. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही, ते पुढे अख्ख्या चित्रपटातही नाही. बारीक अक्षरांत नावं उमटत राहतात आणि संपतात, तरी चित्र तेच. मिनिटभर लोक शांत होते. मग मागून आवाज आला, “ओ ऑपरेटर!” पाठोपाठ शिट्टी. तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून धापा टाकत केबिनमध्ये.

“अहो, अडकलंय काय?”

“नाही सर, असंच आहे.”

“असंच म्हणजे?”

मी त्यांना काचेतून दाखवलं. रस्त्यावरून माणूस जातोय, पाखरं किलबिलतायत. शिवाय खरोखरचं रीळ अडकलं असतं तर दिव्याच्या उष्णतेने फ्रेमच्या मध्यावर तपकिरी डाग पडून तो बुडबुड्यासारखा फुगला असता, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत असतं. सेक्रेटरींचं समाधान झालं नाही, पण ते तिथेच उभे राहिले. आणि मग पडद्यावर दोन माणसांचे बोलण्याचे आवाज आले, चित्रावर आडव्या रेषा आल्या आणि गल्ली भराभर पळायला लागली. आपण चित्रपट बघतच नव्हतो. कुणीतरी दारात ठेवून गेलेली कॅसेट बघत होतो, त्या घरातल्या नवरा-बायकोबरोबर. खालून “आयला!” असा एकमुखी आवाज आला.

ही करामत कशी साधली, ते धंद्यातल्या माणसाच्या लगेच ध्यानात येतं. एरवी चित्रपटात कॅसेट दाखवायची तर चित्र फिकट, दाणेदार करतात, कोपऱ्यात वेळ टाकतात. हानेकेने सगळा चित्रपटच हाय डेफिनिशन व्हिडिओवर काढला. त्यामुळे कॅसेटमधली गल्ली आणि खरी गल्ली यांच्या पोतात फरक राहत नाही. त्यानंतर कुठलाही स्थिर शॉट आला की प्रेक्षक ताठ बसत होते, हे खरं की कॅसेट? मला वरून नुसती डोकी दिसत होती, पण तीही पुढे झुकलेली कळत होती.

गोष्ट थोडक्यात अशी. टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करणारा जॉर्ज आणि त्याची बायको ॲन यांच्याकडे घरावर पाळत ठेवलेल्या कॅसेटी आणि रक्ताळलेली चित्रं येतात. माग काढत जॉर्ज पोचतो माजिदकडे. माजिदचे अल्जीरियन आईबाप जॉर्जच्या घरी शेतावर कामाला होते. १७ ऑक्टोबर १९६१ ला ते पॅरिसमधल्या अल्जीरियनांच्या मोर्चाला गेले आणि परतले नाहीत. त्या रात्री पॅरिसचे पोलीसप्रमुख मॉरिस पापों यांच्या पोलिसांनी अल्जीरियनांना मारून सेन नदीत फेकलं होतं. सरकारने वर्षानुवर्षं मोजून दोन-चार मृत्यू कबूल केले. इतिहासकारांचे अंदाज शंभर-दोनशेपर्यंत जातात. पोरक्या माजिदला दत्तक घ्यायचं ठरलं होतं, पण सहा वर्षांच्या जॉर्जने खोटंनाटं सांगून त्याला घालवून दिलं.

माजिदच्या खोलीतला तो प्रसंग मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की कुणाची तरी स्टीलची बाटली पडून उतारावरून पुढच्या रांगेपर्यंत गडगडत गेली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. चार-पाच जण मात्र उठून गेले. त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

शेवटचा शॉट शाळेच्या पायऱ्यांचा, पुन्हा स्थिर, पुन्हा लांबून. शिपायाला वाटलं संपलं, त्याने दिवे लावले. अर्धं सभागृह चपला शोधत होतं. एक कॉलेजची मुलगी ओरडली, “ओ दिवे बंद करा, डाव्या बाजूला बघा!” मी शॉट मागे घेऊन पुन्हा लावला. पायऱ्यांवर, पोरांच्या गर्दीत, माजिदचा मुलगा आणि जॉर्जचा मुलगा बोलत उभे. काय बोलतात ते ऐकू येत नाही.

मग जो गदारोळ झाला! “म्हणजे पोरांनीच केलं.” “छे, ओळख तर नंतर झाली असेल.” “सांगायचंच नाही तर थ्रिलर कशाला म्हणता?” एका गृहस्थांनी वर्गणी परत मागितली. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. “कॅसेटीचं राहू दे. सहा वर्षांचं पोर काहीतरी बोललं आणि आईबापांनी दुसऱ्याचं लेकरू बाहेर काढलं? त्यांना कुणीच का विचारंना?” सभागृह गप्प झालं. मला विचाराल तर त्या दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता, पण दोन मिनिटांत गाडी पुन्हा कॅसेटींवर आलीच.

चहाच्या वेळी मलाही घेरलं. मी म्हटलं, कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. जॉर्ज घरातून निघून त्याच्या जवळून चालत जातो, तरी त्याला दिसत नाही. माजिदच्या एवढ्याशा खोलीतही कॅमेरा कुणाच्या नजरेला पडत नाही. गोष्टीतल्या कुठल्याच माणसाला तो तिथे ठेवणं जमणार नाही. ठेवणारा एकच, हानेके.

वर्गणी मागणारे गृहस्थ कप खाली ठेवत म्हणाले, “मग गुन्हा त्याच्यावर नोंदवा की! पोलिसांना पण सांगत न्हाई, आम्हाला पण सांगत न्हाई.”

पुढच्या महिन्यात तेच सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.